पुढची तारीख

२०२३च्या जुलैत माझा भाचा आमच्याकडे राहायला आला. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, शाखा मेकॅनिकल. तोवर तो वसतिगृहात होता. आता नोकरी शोधायची, मुलाखती द्यायच्या, तेव्हा घरचं जेवण असलेलं बरं, असं भावाने अमळनेरहून फोनवर म्हटलं आणि यांनी मला न विचारताच सांगून टाकलं, "अरे पाठव की! आत्याचं घर काय परकं आहे?" मलाही ते हवंच होतं. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून अडाजणच्या आमच्या फ्लॅटमधली ती खोली नुसती इस्त्रीच्या कपड्यांची झाली होती.

भावाचं धान्याचं दुकान आहे. मुलाला सुरतेत मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेऊन दिली तेव्हा त्याने दुकानावर कर्ज काढलं. मुलाला ते सांगितलं नव्हतं, पण मुलाला माहीत होतं. आपल्या घरांत अशा गोष्टी कोणी न सांगता सगळ्यांना कळतात.

शिवाय अमळनेरच्या माणसाला 'कंपनी' या शब्दाचं एक वेगळंच वेड असतं आणि त्याला कारणही तसंच आहे. आज जिला सगळे विप्रो म्हणून ओळखतात ती कंपनी १९४५ साली आमच्या गावात वनस्पती तूप काढण्यासाठी सुरू झाली. गावातल्या कितीतरी घरांत तिचे शेअर होते. ज्यांनी ते कागद ट्रंकेच्या तळाशी तसेच राहू दिले त्यांच्या नातवंडांचं भलं झालं. आमच्या आजोबांनी ते विकून धाकट्या आत्याचं लग्न केलं. लग्न चांगलं झालं, आत्या सुखात आहे, त्यामुळे तक्रारही करता येत नाही. पण भावाच्या बोलण्यात कधी ना कधी ते येतंच, "एक कागद सांभाळला असता तर."

मला इंजिनिअरिंगमधलं काही कळत नाही. मी प्रताप कॉलेजची बी.ए., विषय मराठी. यंत्रांशी माझा संबंध मिक्सर आणि घरघंटीपुरता. त्यामुळे मुलगा लॅपटॉप उघडून बसला की मी दूध ठेवायची आणि पाय न वाजवता निघून यायची. तीन आठवडे असेच गेले. मग एका गुरुवारी दुपारी आतून आवाज आला, "आत्या, गेली."

काय गेली? तर वडोदऱ्याच्या एका कंपनीची मुलाखत. त्यांनी त्याला दोनदा फोन केला होता, तोही त्याच्या जुन्या, गावाकडच्या नंबरवर. ते सिम त्याने दीड वर्षापूर्वीच बंद केलं होतं. मग त्यांनी ई-मेल पाठवली, ती जाहिरातींच्या कप्प्यात जाऊन पडली. याने पाहिली तेव्हा मुलाखतीचा दिवस उलटून गेला होता.

"नवा नंबर घातला नव्हतास का कागदावर?"

"घातलाय ना! पण त्यांना जुना रेझ्युमे गेला वाटतं."

मी शेजारी बसून पाहिलं. लॅपटॉपमध्ये अकरा रेझ्युमे होते. 'रेझ्युमे', 'रेझ्युमे नवा', 'रेझ्युमे फायनल', 'रेझ्युमे फायनल खरा', आणि एक नुसताच 'हा पाठव'. कोणाला कुठला गेला ते त्याला ठाऊक नव्हतं. माझ्याही फडताळात डब्यांवर भलतीच लेबलं आहेत, धन्याच्या डब्यात ओवा आहे, पण मला वासाने कळतं. त्याला वासाने कळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मुलगा आळशी नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं. उलट तो दिवसभर राबत होता. कॉलेजच्या प्लेसमेंट विभागाचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, त्यावर दिवसाला शंभर निरोप, त्यांतले नव्वद "थँक यू सर". शिवाय लिंक्डइन, नोकरी डॉट कॉम, इंटर्नशाला, ए.आय.सी.टी.ई.चं इंटर्नशिपचं पोर्टल, प्रत्येक कंपनीची स्वतःची वेबसाइट, प्रत्येकीचा वेगळा पासवर्ड. सीनियर मुलांनी सांगितलेल्या ओळखी वेगळ्याच. एखादा फॉर्म संध्याकाळी पाचला बंद व्हायचा आणि याच्या तो पाच चाळीसला लक्षात यायचा. आमच्या वेळी नोकरीचा अर्ज म्हणजे एक पाकीट आणि एक तिकीट. अर्ज टाकला की पोस्टमनची वाट पाहायची, एवढंच काम. आता अर्ज करणं सोपं झालंय. अवघड झालंय ते केलेल्या अर्जांचा माग ठेवणं.

मी म्हटलं, एक तक्ता कर. त्याने केला. दोन दिवस खपून लॅपटॉपवर असं देखणं पत्रक बनवलं की काय सांगू! हिरवा रंग म्हणजे अर्ज गेला, पिवळा म्हणजे परीक्षा, लाल म्हणजे नकार, जांभळा कशाचा ते मी विसरले. आठ दिवसांनी पाहिलं तर रंग सगळे होते, नोंदी चार.

तेव्हा मी माळ्यावरून लाल वही काढली.

आमच्या घरी लाल कापडी बांधणीच्या वह्यांना तोटा नाही. रिंग रोडच्या कापड मार्केटमध्ये यांची साड्यांची आढत. हिशेब केव्हाच कॉम्प्युटरवर गेला, पण दिवाळीला चोपडापूजन होतंच आणि त्यासाठी दरवर्षी नवी वही येते. पहिल्या पानावर 'श्री'चा मनोरा, गौतमस्वामींची लब्धी मागणारी ओळ, कुंकवाचा साथिया, आणि पुढची सगळी पानं कोरी. अशा सात-आठ वह्या पडून होत्या. मी धोब्याच्या आणि दुधाच्या हिशेबाला त्या वापरते. सासूबाई असत्या तर वापरू दिल्या नसत्या.

सासऱ्यांचा रोजमेळ, म्हणजे आपली रोजकीर्द, मी नवी नवरी असताना जवळून पाहिलेली. आमच्या बाजारात सगळा धंदा उधारीवर. माल आज गेला की पैसे साठ दिवसांनी, नव्वद दिवसांनी, कधी दिवाळीला. मामंजी रात्री जेवल्यावर वही घेऊन बसत आणि उद्याची उगराणी काढत. उद्या कोणाला फोन, कोणाच्या पेढीवर माणूस पाठवायचा, कोणाला अजून आठ दिवस द्यायचे. त्यांच्या वहीत रकमेपेक्षा महत्त्वाचं काय असेल तर शेवटचा रकाना, पुढची तारीख. पार्टीने "आज नाही" म्हटलं की ते वैतागत नसत. शांतपणे विचारत, "मग केव्हा?" आणि जे उत्तर येईल ते शेवटच्या रकान्यात लिहीत. ज्या नोंदीपुढे तारीख नाही, ती रक्कम बुडाली असं समजायचं, हा त्यांचा नियम.

मी पट्टीने रकाने आखले. तारीख. कुठे अर्ज केला. कोणत्या वाटेने, कॉलेजमार्फत की ओळखीने की स्वतः. कोणता रेझ्युमे. काय उत्तर आलं. आणि पुढची तारीख. उत्तर आलं नसेल तर तिथे दहा दिवसांनंतरची तारीख घालायची आणि त्या दिवशी दोन ओळींची आठवण पाठवायची. दोन आठवणींनंतरही काही नाही आलं तर ओळीवर आडवी रेघ. भाचा हसला. "आत्या, कोणी वहीत लिहितं का आता?" पण वहीला एक मोठा गुण होता. ती जेवणाच्या टेबलावर पडून असायची. लॅपटॉपचं पत्रक उघडावं लागतं, वही समोर दिसते.

रेझ्युमे अकराचे दोन झाले, एक कारखान्यांसाठी, एक सॉफ्टवेअरवाल्यांसाठी. नावात तारीख आणि त्याचं स्वतःचं नाव. त्याआधी 'रेझ्युमे फायनल' असं नाव घेऊन ते कागद हिंडत होते. कंपनीतल्या माणसाकडे असे पाचशे 'फायनल' येत असतील, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

वेळेचा रकाना मात्र माझ्या सोयीसाठी आला. चातुर्मासात आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवणं आटोपतात. आणि ऑनलाइन परीक्षा नेमक्या संध्याकाळी सहाला! दोनदा मुलगा उपाशी बसला, एकदा मी भरल्या ताटासह दाराशी उभी. मग तारखेबरोबर वेळही लिहायला लागलो. ज्या दिवशी परीक्षा, त्या दिवशी पाचलाच भाकरी तव्यावर. त्यातून असं झालं की मुलगा परीक्षेला पाच मिनिटं आधी बसण्याऐवजी अर्धा तास आधी बसू लागला.

वहीतून दुसरीही एक भानगड बाहेर आली, आणि ती सापडली यांना. रविवारी सकाळी चहा घेता घेता यांनी वही चाळली आणि विचारलं, "तुझे टक्के नक्की किती?" एका अर्जात ७४.६, दुसऱ्यात ७०.८७, तिसऱ्यात ६९.६. झालं होतं असं की कॉलेज गुजरात टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीशी संलग्न, तिथे टक्के मिळत नाहीत, सी.पी.आय. मिळतो. याचा ७.४६. एका फॉर्ममध्ये त्याने नुसतं दहाने गुणलं, दुसऱ्यात कोणा मित्राच्या सांगण्यावरून साडेनऊने. युनिव्हर्सिटीचा नियम वेगळाच आहे. सी.पी.आय.मधून अर्धा वजा करायचा आणि मग दहाने गुणायचं. म्हणजे ६९.६ खरं. कंपन्यांची अट बहुधा साठ टक्क्यांची, त्यामुळे त्यात तो सगळीकडे बसत होता. पण "एका माणसाच्या तीन चोपड्यांत तीन आकडे निघाले तर त्याला आपण काय म्हणतो?" असं हे म्हणाले, तेव्हा मुलगा पांढराफटक पडला. त्याने मुद्दाम केलं नव्हतं. पण कागदपत्रं तपासणारा माणूस हेतू तपासत नाही. त्या दिवसापासून वहीच्या शेवटच्या पानावर त्याचे सगळे पक्के आकडे लिहून ठेवले. दहावी, बारावी, सी.पी.आय., त्यावरून निघणारे टक्के. फॉर्म भरताना तिथूनच उतरवायचे, आठवून लिहायचं नाही. नावाचंही तसंच. महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधार कार्डावर शेवटी. ते कुठे कसं लिहायचं तेही त्याच पानावर.

मूळ कागद मी माझ्याकडे घेतले. याबाबतीत मी कोणाचं ऐकत नाही. २००६च्या ऑगस्टमध्ये उकाईचं पाणी सोडलं आणि तापी शहरात शिरली, तेव्हा आम्ही तळमजल्यावर राहत होतो. अडाजण-रांदेर भागात ज्यांनी ते दिवस काढले त्यांना वेगळं सांगायला नको. माणसं गच्चीवर सुखरूप होती. पाणी उतरल्यावर खाली आलो तर कपाटात चिखल, आणि त्या चिखलात माझं बी.ए.चं प्रमाणपत्र. उन्हात वाळवलं. शाई पसरून माझं नाव वाचता येईना, वर्ग तेवढा दिसत होता. मला नोकरी करायची नव्हती, प्रमाणपत्र कोणी मागणार नव्हतं, तरी मी रडले. दुसरी प्रत काढायला गेले नाही. तेव्हापासून घरातले सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्यात, डबा माळ्यावर. भाच्याच्या कागदांच्या स्कॅन केलेल्या प्रती त्याच्या मेलमध्ये, माझ्या फोनमध्ये आणि त्याच्या बापाकडे.

हळूहळू रविवारी दुपारी त्याचे दोन मित्र येऊ लागले. एक मलयाळी, तो फारसा बोलायचा नाही पण फोडणीचा भात दोनदा घ्यायचा. दुसरा लिंबायतचा. वडील नंदुरबारकडून लूमवर काम करायला आलेले, आई घरी साड्यांवर टिकल्या चिकटवते, नगावर पैसे. हा मुलगा आठवीपर्यंत महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलेला. घरी अहिराणी, बाहेर गुजराती, कॉलेजात इंग्रजी. हुशार, पण मुलाखतीला बसला की तिन्ही भाषा एकदम तोंडाशी यायच्या. मी दोघांनाही एकेक लाल वही दिली.

एका रविवारी तो मिठाई घेऊनच आला. निवड झाली म्हणे, घरून काम, पगार महिना २८ हजार. फक्त लॅपटॉप आणि प्रशिक्षणापोटी साडेतीन हजारांची अनामत आजच भरायची, ती नंतर परत मिळणार. मी विचारलं, मुलाखत कधी झाली? नाही झाली. परीक्षा? नाही. वहीत अर्जाची नोंद कुठे आहे? त्याने पानं उलटली. नोंदच नव्हती. त्याने तिथे अर्जच केला नव्हता! यांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, "आमच्या बाजारात दलालसुद्धा माल विकला गेल्यावर दलाली मागतो. हा तर आधीच मागतोय." मुलाने पैसे भरले नाहीत, पण मिठाईचा पुडा तसाच टेबलावर राहिला. त्याला तो परत नेववेना आणि आम्हाला उघडवेना. आईकडून साडेतीन हजार मागून ठेवले होते त्याने. म्हणजे किती टिकल्या, याचा हिशेब मी करत बसले नाही. तिन्ही वह्यांत एक रकाना वाढला, 'पैसे मागितले का?'

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, आत्याने काय छान वळण लावलं. मलाही तसंच वाटत होतं. मैत्रिणींना फोनवर सांगत होते. इथेच माझं चुकलं.

ते वर्ष मुलांसाठी वाईट होतं. २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात टी.सी.एस., इन्फोसिस आणि विप्रो या तीन कंपन्यांची मिळून माणसं सुमारे ६४ हजारांनी कमी झाली. एरवी मेकॅनिकलची, सिव्हिलची मुलंही घाऊक घेऊन जाणाऱ्या या कंपन्या. त्यांनीच हात आखडल्यावर सगळी मुलं हजिऱ्याच्या कारखान्यांकडे वळली, आणि तिथे जागा किती? हे मी नंतर पेपरात वाचलं. तेव्हा मला दिसत होती ती फक्त वही. आणि भावाचा दर रविवारी रात्री फोन यायचा, "काय म्हणतोय आपला इंजिनिअर?" मी वही उघडून सांगायची, "चाळीस अर्ज झाले." पुढच्या रविवारी, "सेहेचाळीस." भावाला आकडे कळतात. आकडा वाढला की त्याचा आवाज जरा सैल व्हायचा. मुलगा समोर जेवत असायचा. मला वाटायचं, बापाला बरं वाटतंय, मुलालाही बरं वाटत असेल.

डिसेंबरात आकडा ६३ झाला.

जानेवारीत संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी तीळ भाजत होते आणि गॅस बारीक करून सहज वही उघडली. मामंजी एक गोष्ट सांगायचे. रोज लिहिलेला रोजमेळ आणि एका बैठकीत लिहिलेला रोजमेळ लगेच ओळखू येतो. रोजच्या वहीत शाई बदलते, अक्षर कधी घाईचं असतं, कधी जेवणानंतरचं सुस्त, मध्येच एखादा चहाचा डाग. इथे शेवटच्या सतरा ओळी एकाच पेनाच्या, एकाच अक्षरातल्या, स्वच्छ. रेझ्युमेचा रकाना रिकामा. आणि 'पुढची तारीख' सगळ्या ओळींपुढे दहा दिवसांनंतरची, पण आठवण पाठवल्याची खूण एकीपुढेही नाही.

तीळ करपले.

मी त्या दिवशी काही बोलले नाही. संक्रांतीला सुरतेत कोणी कोणाशी गच्चीवर भांडत नाही, पतंग असतात. दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण, तोही गेला. तिसऱ्या दिवशी मी वही त्याच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "हे सतरा?" त्याने नजर वर केली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, "तू आकडा सांगायचीस ना पप्पांना."

एवढंच. पुढे तो जे बोलला ते तुटक होतं. नोव्हेंबरात एका आठवड्यात पाच नकार आले होते. त्यानंतर त्याला लॅपटॉप उघडायचीच भीती वाटायची. रात्री तो दार लावून बसायचा आणि नुसता बसून राहायचा. पण रविवारी आकडा वाढलेला हवा होता. बापाने कर्ज काढलं, आत्या पाचला भाकऱ्या करते, मग निदान आकडा तरी.

मी ती वही त्याच्यासाठी आखली होती आणि वाचत होते भावासाठी. मामंजींनी त्यांचा रोजमेळ कधी बाहेरच्या माणसाला वाचून दाखवला नाही. तेवढं मी शिकले नव्हते. मिच्छामि दुक्कडम् आपण संवत्सरीला म्हणतो, वर्षातून एकदा, फोनवर भराभर, सगळ्यांना सारखं. मी ते त्या दिवशी जानेवारीत म्हटलं, एकट्या त्याला. तो म्हणाला, "अगं आत्या, काय तू!" आणि उठून पाणी प्यायला गेला.

मग त्याने त्या सतरा ओळींवर रेघ मारली. खोडरबर नाही, पान फाडणं नाही. हिशेबाच्या वहीत चूक खोडायची नसते, आडवी रेघ मारून शेजारी सही करायची असते, एवढं त्याला मीच शिकवलं होतं. खरे अर्ज उरले सेहेचाळीस. भावाला त्या रविवारी मी फोनवर सांगितलं, "आकडा आता मी सांगणार नाही. तुला विचारायचं तर त्याला विचार, आणि नोकरीचं सोडून काहीही विचार." भाऊ चिडला. दोन रविवार फोन आला नाही. तिसऱ्या रविवारी आला तो थेट मुलाला, आणि दोघे अर्धा तास तुरीच्या भावावर बोलले.

वही मी टेबलावरून काढून त्याच्या खोलीत ठेवली. रात्री एवढंच विचारायची, "उद्याचं काय?" काही असेल तर तो वेळ सांगायचा, नसेल तर "उद्या काही नाही" म्हणायचा, आणि मी बरं म्हणायची. नकार आला तर त्यानेच ठरवलं, तो त्याच दिवशी वहीत लिहायचा आणि मग खाली जाऊन लोचो खाऊन यायचा. फेब्रुवारीत त्याने बराच लोचो खाल्ला.

कॅम्पसमधून शेवटपर्यंत काही झालं नाही. जूनमध्ये राष्ट्रीय अ‍ॅप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजनेच्या पोर्टलवरून सचिन जी.आय.डी.सी.तल्या एका कारखान्यात जागा मिळाली, वर्षभरासाठी. तेव्हा पदवीधराला किमान ९,००० रुपये विद्यावेतन होतं, त्यातला अर्धा वाटा सरकारचा. कारखाना १२,००० देत होता. भाऊ म्हणाला, "आमचा हमाल याहून जास्त नेतो." ते खरं असेल. मुलगा म्हणाला, "पप्पा, मशीनला हात लावायला मिळतोय." तो बोलला एवढंच, पण बापाशी पहिल्यांदाच अशा आवाजात बोलला. लिंबायतच्या मुलाला त्याच्या आधीच, एप्रिलमध्ये, अंकलेश्वरला लागलं. मलयाळी मुलगा 'गेट'च्या तयारीला घरी गेला, जाताना वही घेऊन गेला.

आता सोसायटीतल्या बायका मुलांना माझ्याकडे पाठवतात. "जरा वहीचं सांगा ना." मी रकाने आखून देते. अट आधी वाचायची, मग फॉर्म, हेही सांगते. मध्यंतरी एक मुलगी पंतप्रधान इंटर्नशिप योजनेचा फॉर्म घेऊन आली. तेव्हा महिना ५,००० मिळायचे, मोठ्या कंपनीत वर्षभर शिकायला मिळायचं, सगळं चांगलं. पण ती पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी नव्हती आणि ही अजून तिसऱ्या वर्षाला! दुपार वाचली तिची. तिच्या आईला मी दारातच सांगितलं, "वही तिची. तुम्ही उघडायची नाही." बाईंना ते फारसं रुचलं नाही. "मग कळणार कसं, काय चाललंय ते?" असं म्हणाल्या. त्यांचंही बरोबर आहे. मला तरी कुठे कळत होतं?

भाचा उधन्याला मित्राबरोबर खोली घेऊन राहतो. वही मात्र इथेच विसरून गेला, की मुद्दाम ठेवून गेला, कोण जाणे. कारखान्यात लागल्यावर महिनाभराने एका दुपारी त्याचा फोन आला. मागे यंत्रांचा घरघराट, मला नीट ऐकू येईना.

"आत्या, वही काढ. पान सात, वरून चौथी ओळ. सापडली?"

सापडली. २०२३च्या ऑगस्टमधला अर्ज, पुण्याची कंपनी. दोन आठवणी पाठवल्याच्या खुणा, मग आडवी रेघ.

"त्यांचं उत्तर आलंय आज. खेद आहे म्हणतात. लिहून ठेव."

"आता? अकरा महिन्यांनी?"

"अगं आलंय ना उत्तर! तारीख घाल आजची."

मी पेन शोधलं आणि घातली.